नेत्रदाबाच्या शोधात : एग्मोर ते हैदराबाद

घरातील वडील माणसाला कमी दिसू लागले म्हणजे आपल्याकडे बहुधा एकच उद्गार निघतो : "मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू." पुष्कळदा तो खराही ठरतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग धुरकट होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले की झाकलेली दृष्टी परत येते. परंतु याच घरगुती समजुतीच्या आडून दुसरा एक रोग डोळ्यात शिरतो. त्याचे नाव काचबिंदू. दोघांच्या नावातील 'बिंदू' सारखा असला तरी स्वभाव अगदी निराळा आहे. मोतीबिंदू दृष्टी झाकतो, काचबिंदू ती कायमची नेतो. आणि नेताना बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पोथी वाचण्यातही खंड पडत नाही. आधी कडेची दृष्टी जाते. उंबरठ्याला ठेच लागते, शेजारून आलेला मनुष्य दिसत नाही, जिना उतरताना शेवटची पायरी चुकते. मधली दृष्टी शाबूत असल्याने या सर्वांचा दोष वयाकडे जातो. मधल्या दृष्टीवर छाया येते तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो.

भारतात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा रोग असावा, असा अंदाज २०१० साली संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्यांना त्याची वार्ताही नाही. या अदृश्य चोराचा माग काढण्याचे कार्य जगातील अनेक नेत्रसंशोधन केंद्रांत चालू आहे. बर्लिन, लंडन, बर्न, बाल्टिमोर ही नावे त्या इतिहासात ठळक आहेत. पण त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्या देशाच्या दक्षिणेतील तीन शहरांत लिहिली गेली आहेत. रामेश्वरास किंवा कन्याकुमारीस निघालेली कुटुंबे चेन्नई आणि मदुराई पाहतात, परतताना कोणी हैदराबादेसही उतरतात. त्याच वाटेने, परंतु वेगळ्या दर्शनासाठी, आज आपण जाणार आहोत.

डोळ्यातील पाण्याचा हिशेब

प्रवासाला निघण्यापूर्वी नेत्रदाब म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. डोळ्याच्या पुढील भागात, पारदर्शक पारपटल आणि भिंग यांच्यामध्ये, एक निर्मळ द्रव अखंड वाहत असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. आपण त्याला नेत्रजल म्हणू. ते बुबुळामागे तयार होते, बाहुलीतून पुढे येते, आणि बुबुळ व पारपटल जेथे मिळतात त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून पुन्हा रक्तात मिसळते. घरातील टाकीत जितके पाणी येते तितकेच बाहेर गेले तर पातळी स्थिर राहते. बाहेर जाण्याची वाट तुंबली तर टाकी भरून वाहते. डोळ्याला भरून वाहण्याची सोय नाही. तो बंद गोल आहे. म्हणून तेथे दाब चढतो.

हा दाब पाऱ्याच्या मिलीमीटरांत मोजतात. सामान्यतः तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. डोळ्याच्या मागील बाजूस सुमारे दहा-बारा लाख सूक्ष्म तंतू एकत्र येऊन एक नस बनते आणि ती दृश्याचा संदेश मेंदूकडे नेते. हे तंतू चाळणीसारख्या एका जागेतून डोळ्याबाहेर पडतात. दाबाचा ताण त्या चाळणीवर येतो आणि एकेक तंतू निकामी होत जातो. निकामी झालेला तंतू पुन्हा जिवंत करण्याची विद्या अद्याप मानवाला साधलेली नाही. काचबिंदूवरील सर्व संशोधन याच एका कठोर सत्याभोवती फिरते : जे गेले ते आणता येत नाही, जे राहिले आहे ते राखता येते.

काही डोळ्यांत नेत्रजलाचा कोपरा उघडा असतो, पण जाळी हळूहळू निकामी होते. हा संथ, मूक काचबिंदू. इतर काही डोळ्यांत बुबुळच पुढे सरकून कोपरा बंद करते. ते एकाएकी घडले तर डोळ्यात व डोक्यात असह्य वेदना होतात, वांत्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. अशा रुग्णाला पित्ताचे औषध देण्यात वेळ न दवडता तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे नेले पाहिजे.

एग्मोरचे जुने इस्पितळ

चेन्नईच्या एग्मोर भागात देशातील एक अत्यंत जुने नेत्ररुग्णालय आहे. लंडनचे सुविख्यात मूरफील्ड्स इस्पितळ १८०५ साली सुरू झाले. त्याच धर्तीवर अवघ्या चौदा वर्षांनी, १८१९ साली, मद्रासेत डोळ्यांचा दवाखाना निघाला. पुढे तो एग्मोर येथे आला आणि आज सरकारी नेत्ररुग्णालय व प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्था या नावाने चालतो. दोनशे वर्षे लोटली तरी येथील बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगा असतात. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातलेले रुग्ण डोळे मिटून बाकांवर बसलेले असतात. कोणी शेतकरी, कोणी शिलाईकाम करणारी बाई, कोणी निवृत्त कारकून. आवारात कर्नल रॉबर्ट हेन्री इलियट यांच्या नावाची इमारत आहे आणि तेथील संग्रहालयात जुनी उपकरणे, चित्रे व कागदपत्रे जपून ठेवली आहेत. काचबिंदूच्या इतिहासात मद्रासचे नाव जगभर पोचले ते या इलियट यांच्यामुळे.

त्यांचे कार्य समजण्यासाठी क्षणभर युरोपात जावे लागेल. ग्लासगोचे विल्यम मॅकेंझी यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काचबिंदूत नेत्रगोल कठीण होतो ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा अंतर्भाग दाखविणारे उपकरण जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील नसेचे मुख वैद्यांना प्रथमच दिसले. बर्लिनचे तरुण नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फोन ग्रेफ यांनी १८५७ साली बुबुळाचा लहानसा तुकडा काढून एकाएकी उद्भवणारा काचबिंदू शमविता येतो, हे प्रसिद्ध केले. तोवर ज्या रोगापुढे वैद्यक हात टेकत असे, त्यावर मिळालेला तो पहिला मोठा विजय होता. स्ट्रासबुर्गचे लुडविग लाकेर यांनी १८७६ मध्ये कॅलाबार नावाच्या आफ्रिकी शेंगेतील द्रव्याने नेत्रदाब उतरतो, असे दाखविले. त्यांना स्वतःलाही काचबिंदू होता.

तथापि संथ काचबिंदूवर फोन ग्रेफ यांची शस्त्रक्रिया तितकीशी चालेना. तुंबलेल्या पाण्याला कायमची नवी वाट कशी द्यावी, हा प्रश्न उरलाच. इलियट १९०४ साली मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख झाले. दक्षिण भारतातून त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांची संख्या युरोपातील तज्ज्ञाला हेवा वाटावा इतकी मोठी होती. १९०९ साली त्यांनी एक पद्धत हाती घेतली. डोळ्याच्या वरील बाजूस पातळ आवरण उचलायचे, पारपटल व पांढरा भाग यांच्या सीमेवर सुमारे दीड-दोन मिलीमीटरचे गोल छिद्र पाडायचे आणि आवरण पुन्हा त्यावर पसरायचे. नेत्रजल त्या छिद्रातून आवरणाखाली झिरपते आणि दाब उतरतो. छिद्र पाडणाऱ्या गोल शस्त्राचा असा उपयोग त्याच सुमारास ग्लासगोचे फर्गस यांनीही केला होता. परंतु मद्रासेतील विपुल अनुभवाच्या आधारे ही शस्त्रक्रिया पद्धतशीर बसविली आणि जगभर पोचविली ती इलियट यांनी. १९१३ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक दशके 'इलियटची शस्त्रक्रिया' हे शब्द नेत्रतज्ज्ञांच्या तोंडी राहिले.

या पद्धतीत उणेही होते. छिद्रावरचे आवरण विरत जाई आणि वर्षांनंतरही त्यातून जंतू आत शिरण्याचा धोका राही. केंब्रिजचे केर्न्स यांनी १९६८ मध्ये छिद्रावर डोळ्याच्याच भिंतीची अर्ध्या जाडीची झडप ठेवण्याची सुधारित रीत वर्णिली. आज काचबिंदूवर प्रामुख्याने जी शस्त्रक्रिया केली जाते ती तिच्यातूनच वाढलेली आहे. मात्र पाण्याला डोळ्याच्या आवरणाखाली वाट करून द्यावी, ही तिची मूळ कल्पना एग्मोरच्या शस्त्रक्रियागृहात हजारो रुग्णांवर पारखली गेली होती, हे विसरता येत नाही.

बोटापासून मापकापर्यंत

इलियट यांच्या आधीच्या पिढीतील वैद्य नेत्रदाब कसा ओळखत? मिटलेल्या पापणीवर दोन बोटे ठेवून. डोळा मऊ लागतो की दगडासारखा, एवढेच त्यावरून कळे. १९०५ साली नॉर्वेचे ह्यालमार श्योत्स यांनी एक सुटसुटीत मापक तयार केला. रुग्णाला उताणे निजवून, डोळा बधिर करून, लहान वजन असलेली दांडी पारपटलावर टेकवायची आणि ती किती रुतते यावरून दाब काढायचा. नेत्रतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्यांनी हे मापक वापरले. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स गोल्डमान यांनी १९५० नंतरच्या दशकात अधिक अचूक मापक घडविले. पारपटलाचा ३.०६ मिलीमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास किती जोर लागतो, यावरून ते दाब सांगते. रुग्ण खुर्चीवर बसतो, हनुवटी चौकटीत ठेवतो, निळा प्रकाश जवळ येतो आणि काही सेकंदांत माप मिळते. आजही जगभर हेच माप प्रमाण मानले जाते.

मापक हाती आले आणि एक सोपा नियम रूढ झाला : २१ च्या वर दाब असेल तर रोग, खाली असेल तर निरोगी. हा नियम किती अपुरा आहे, हे कळण्यासाठी मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडावे लागले.

गावोगाव फिरलेला अभ्यास

त्यासाठी चेन्नईतच, नुंगमबाक्कम भागाकडे वळू. डॉ. सेंगामेडू श्रीनिवास बद्रीनाथ यांनी १९७८ साली स्थापन केलेले शंकर नेत्रालय येथे आहे. कांचीच्या शंकराचार्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या धर्मादाय संस्थेने रुग्णसेवेबरोबर संशोधनाचाही वसा घेतला. तिच्या पुढाकाराने २००१ ते २००४ या काळात चेन्नई काचबिंदू अभ्यास पार पडला.

रुग्णालयात येतो तो आपल्या रोगाची जाणीव झालेला मनुष्य. ज्याला जाणीवच नाही त्याला शोधायचे तर त्याच्या दारी गेले पाहिजे. संशोधकांनी तिरुवळ्ळूर व कांचीपुरम या जिल्ह्यांतील खेड्यांमधून चाळीस वर्षांवरील ३,९२४ आणि चेन्नई शहरातील ३,८५० लोक तपासले. प्रत्येकाचा दाब, कोपरा, नस व दृष्टिक्षेत्र पाहिले. उघड्या कोपऱ्याचा मूळ काचबिंदू खेड्यांत १.६२ टक्के आणि शहरात ३.५१ टक्के लोकांत आढळला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच होती. ज्यांना तो आढळला त्यांपैकी दहांतील नऊहून अधिक जणांना आपल्याला हा रोग आहे, हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. शहरात पावलोपावली डॉक्टर असूनही स्थिती फारशी निराळी नव्हती.

दुसरी गोष्टही तितकीच विचार करायला लावणारी होती. रोग असलेल्यांपैकी अनेकांचा दाब तपासणीच्या वेळी २१ च्या आतच होता. जपानमधील ताजिमी शहरात २००० व २००१ साली झालेल्या पाहणीत तर अशा रुग्णांचे प्रमाण ९२ टक्के निघाले. याचा अर्थ, केवळ दाबाचे माप घेऊन 'डोळे उत्तम आहेत' असे सांगणे पुरेसे नाही. एका डोळ्याला २५ चा दाब वर्षानुवर्षे सोसतो, दुसऱ्याची नस १७ वरच खचते. पारपटल जाड की पातळ, यावरही मापाचा भरवसा कमीजास्त होतो. म्हणून दाबासोबत नसेचे मुख पाहणे आणि शंका आल्यास दृष्टिक्षेत्र मोजणे अगत्याचे ठरले. या मोजणीत रुग्ण एका पांढऱ्या अर्धगोलाकडे टक लावून बसतो आणि कडेला कोठेही मंद ठिपका चमकला की हातातील कळ दाबतो. बाल्टिमोर येथे १९२५ साली स्थापन झालेल्या विल्मर नेत्रसंस्थेतील हॅरी क्विग्ली यांच्या संशोधनाने मात्र आणखी एक इशारा दिला : या मोजणीत उणीव दिसू लागण्यापूर्वीच नसेतील तंतूंचा मोठा भाग नष्ट झालेला असू शकतो. १९९१ साली अमेरिकेत विकसित झालेल्या प्रकाशकिरणांच्या चित्रणपद्धतीमुळे त्या तंतूंच्या थराची जाडी आता थेट मोजता येते.

दाब उतरविल्याने खरोखर लाभ होतो काय?

ज्याचा दाब मुळातच साधारण आहे, त्याचा दाब उतरवून काय साधणार, अशी शंका येथे सहजच येते. संशोधकांनाही ती आली होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात अशाच रुग्णांचा दाब सुमारे ३० टक्के उतरविण्यात आला आणि त्यांची हानी मंदावल्याचे दिसले. स्वीडनमधील माल्मो येथे आन्डर्स हायल यांच्या नेतृत्वाखाली २५५ नवीन रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे फल २००२ मध्ये समोर आले. दाबाचा एकेक मिलीमीटर उतरला की रोग वाढण्याची भीती सुमारे दहा टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुई येथून चालविलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. दाब वाढलेला, परंतु नस अद्याप निरोगी असलेल्या १,६३६ व्यक्तींपैकी निम्म्यांना थेंब दिले होते. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना, तर घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला.

या आकड्यांतच एक दिलासाही आहे. दाब वाढलेल्या प्रत्येकाला काचबिंदू होत नाही. थेंब न घेणाऱ्यांतील दहांपैकी नऊ जणांना पाच वर्षांत तो झाला नाही. म्हणून दाबाचा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि तो साधारण आहे म्हणून निर्धास्त राहण्याचेही नाही. २०१९ साली लंडनच्या मूरफील्ड्स इस्पितळाच्या नेतृत्वाखालील अभ्यासाने आणखी एक सोय पुढे आणली. थेंबांऐवजी आरंभीच जाळीवर सौम्य लेसर किरण टाकले, तर चारांपैकी सुमारे तीन रुग्णांना तीन वर्षे थेंबांची गरज पडली नाही.

मीनाक्षीच्या नगरीत

एग्मोरहून दक्षिणेकडे सुमारे पाचशे किलोमीटरांवर मदुराई आहे. मीनासारखे नेत्र असलेल्या देवीच्या या नगरीत नेत्रसेवेचे एवढे मोठे क्षेत्र उभे राहावे, हा सुंदर योगायोग म्हटला पाहिजे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे आयुष्य स्वतःच एक बोधकथा आहे. तारुण्यातच संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली. त्या बोटांनी शस्त्र धरण्याची सवय त्यांनी जिद्दीने केली आणि हजारो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. ऐपत असेल त्याने पैसे द्यावेत, नसेल त्याची सेवा विनामूल्य व्हावी, हा तेथील दंडक. २००६ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाची नेत्रसंशोधन संस्था आज तेथे कार्य करीत आहे.

अरविंदची ख्याती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे झाली. पण काचबिंदूच्या क्षेत्रातही तिने मोलाची भर घातली. दक्षिणेतील तीन जिल्ह्यांत चाळीस वर्षांवरील ५,१५० लोकांची पाहणी करून संस्थेने २००३ साली काचबिंदूचे प्रमाण २.६ टक्के असल्याचे प्रसिद्ध केले. १९९२ साली सुरू झालेल्या 'ऑरोलॅब' या तिच्या कारखान्यात कृत्रिम भिंगे व औषधे तयार होतात. ज्यांच्या डोळ्यांवर साधी शस्त्रक्रिया टिकत नाही त्यांच्यासाठी एक बारीक नळी व तिला जोडलेली पातळ चकती डोळ्यात बसवितात. नळीतून नेत्रजल चकतीकडे जाऊन मुरते. परदेशी बनावटीची ही वस्तू सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. २०१३ पासून ऑरोलॅबने ती अल्प किमतीत उपलब्ध केली आणि दृष्टीची आशा सोडलेल्या अनेक घरांना आधार मिळाला.

येथील एका प्रयोगशाळेत चालणारे काम वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांचा पुढील भाग पोषकद्रवात जिवंत ठेवून त्यातून द्रव वाहता ठेवतात आणि त्यात स्टेरॉइड औषध मिसळले असता दाब कसा चढतो, ते पाहतात. काही डोळ्यांत तो स्पष्टपणे चढतो, काहींत चढत नाही. हा भेद का, याचा शोध चालू आहे. आपल्या घरांशी याचा निकटचा संबंध आहे. मुलाचे डोळे खाजतात म्हणून औषधांच्या दुकानातून थेंब आणायचे, आराम पडला की पुन्हा तीच बाटली मागायची, ही रीत गावोगाव आहे. त्या बाटलीत स्टेरॉइड असेल तर खाज थांबते आणि आतल्या आत दाब चढत राहतो. कोवळ्या वयात दृष्टी गमावण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

हैदराबाद आणि मोठ्या डोळ्यांची बाळे

आता उत्तरेकडे परतताना हैदराबाद. बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे नाव ज्यांच्यावरून पडले ते प्रसाद हे चित्रपटसृष्टीतील जुने दिग्दर्शक. मुंबईत १९३१ साली निघालेल्या 'आलमआरा' या पहिल्या बोलपटात त्यांनी लहानशी भूमिका केली होती आणि पुढे ते दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी झाले. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांच्या संकल्पाला त्यांनी भूमी व द्रव्य यांचे साहाय्य दिले आणि १९८७ साली संस्था सुरू झाली. खेड्यातील लहान दृष्टिकेंद्रापासून शहरातील संशोधनशाळेपर्यंत एकावर एक पायऱ्या अशी तिची रचना आहे.

या संस्थेतील एक कार्य हृदयाला भिडणारे आहे. काचबिंदू हा केवळ वृद्धांचा रोग नाही. काही बालके तो घेऊनच जन्माला येतात. त्यांच्या डोळ्यातील पाण्याची वाट गर्भातच नीट घडलेली नसते. बालकाचा डोळा मऊ असल्याने दाबाने तो फुगून मोठा होतो. आपल्याकडे मोठे डोळे हे सौंदर्याचे लक्षण. आजी कौतुकाने बाळाची दृष्ट काढते आणि रोग मात्र वाढत राहतो. मोठ्या डोळ्यांबरोबर पाणी गळत असेल, उजेडाकडे पाहताना बाळ डोळे घट्ट मिटून घेत असेल, बुबुळावर निळसर पांढरी झाक येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. आंध्र प्रदेशातील पाहणीत दर ३,३०० जन्मांमागे एका बालकाला हा रोग असल्याचा अंदाज निघाला. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हे प्रमाण अधिक आहे. जवळच्या नात्यातील विवाह हे त्याचे एक कारण मानले जाते. येथील संशोधकांनी या रोगास कारण होणाऱ्या जनुकातील बिघाडांचा भारतीय कुटुंबांत मागोवा घेतला आहे. अशा बालकांवरील शस्त्रक्रियेतील कार्याबद्दल डॉ. अनिल कुमार मंडल यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले मूल इतर मुलांबरोबर शाळेत जाते, फळ्यावरचे अक्षर वाचते. न झालेले मूल त्याच घरात जन्मभर अंधारात राहते. दोहोंतील अंतर कित्येकदा काही आठवड्यांचे असते.

घराघरांतील काम

या तीन नगरांखेरीज दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९६७ साली स्थापन झालेले डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रही याच कार्यात आहे, आणि १९७६ पासून अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर चालू आहे. परंतु केंद्रे कितीही मोठी असली, उपकरणे कितीही सूक्ष्म असली, तरी ज्याला आपल्या रोगाची जाणीव नाही असा मनुष्य त्यांच्या दारात आपण होऊन जात नाही. चेन्नईच्या अभ्यासाने दाखविलेले दहांतील ते नऊ जण कोणाच्या तरी घरातच आहेत. त्यांना तेथून हात धरून नेणारे माणूस घरातलेच असावे लागते.

म्हणून चाळिशी उलटली की चष्म्याचा नंबर काढण्यापुरते न थांबता नेत्रदाब व नसेची तपासणी करून घ्यावी. हॉलंडमधील रॉटरडॅम येथील अभ्यासात रुग्णांच्या रक्ताच्या नातलगांना आयुष्यात काचबिंदू होण्याचा संभव २२ टक्के, तर इतरांना केवळ २.३ टक्के असल्याचे आढळले. तेव्हा घरात एकाला काचबिंदू निघाला की तो दिवस भावंडांच्या व मुलांच्याही तपासणीचा समजावा. मधुमेह असेल, जाड चष्मा असेल, स्टेरॉइड औषध चालू असेल, त्यांनी अधिक जागरूक राहावे. थेंब सुरू झाले तर ते रोज, ठरल्या वेळी, कायम घालायचे असतात. त्यांनी दिसण्यात सुधारणा होत नाही, म्हणून अनेक रुग्ण काही महिन्यांतच कंटाळून ते सोडून देतात. त्यांना सांगितले पाहिजे की थेंबांनी काही नवे मिळत नसले तरी हाती असलेले राहते. आजोबांच्या थरथरत्या हातातून थेंब गालावर ओघळत असेल, तर नातवाने दोन मिनिटे जवळ बसून तो घालावा.

एग्मोरच्या इस्पितळापासून हैदराबादच्या संशोधनशाळेपर्यंत दोन शतकांत जे ज्ञान जमले, त्याचे सार एवढेच निघते की दृष्टी राखण्याची वेळ ती उत्तम असतानाच असते. पुढच्या वेळी घरात कोणी "मोतीबिंदू असेल, पिकू द्या" म्हणाले, तर त्यांना त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. मोतीबिंदूच निघाला तर आनंदच आहे. दुसरे काही निघाले, तर जे उरले आहे ते तरी हाती राहील.